दात कोणी बसवावा?

आजच्या पाकिस्तानात, बोलन खिंडीच्या पायथ्याशी मेहरगढ नावाचे नवाश्मयुगीन वसतिस्थान आहे. तेथील दफनभूमीत सापडलेल्या नऊ प्रौढ माणसांच्या एकूण अकरा दाढांमध्ये बारीक, गोल छिद्रे पाडलेली आढळली. या दाढा सुमारे ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. छिद्रांच्या कडा चावण्यामुळे झिजलेल्या होत्या, म्हणजे माणूस जिवंत असतानाच ती पाडली होती आणि त्यानंतरही तो त्या दाढांनी जेवत होता. हे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. मेहरगढमध्ये दगडी मण्यांना भोके पाडण्याचा उद्योग होता. त्यासाठी गारेचे टोक बसवलेले, धनुष्याच्या दोरीने फिरवायचे गिरमिट वापरत. संशोधकांच्या मते दाढांनाही तसलेच गिरमिट लावले गेले असावे.

म्हणजे आपल्या उपखंडातील दातांवरच्या कामाचा हा सर्वांत जुना पुरावा एखाद्या वैद्याकडे बोट दाखवत नाही, मणी करणाऱ्या कारागिराकडे दाखवतो. इटलीतील इट्रस्कन लोकांतही असेच दिसते. इ.स.पूर्व सातव्या शतकाच्या सुमारास ते सोन्याच्या पातळ पट्टीत पडलेल्या दाताच्या जागी दुसरा दात बसवत आणि ती पट्टी शेजारच्या दातांभोवती अडकवत. वस्तुसंग्रहालयात ठेवलेल्या या पट्ट्या पाहिल्या, की सोनाराचे कसब लक्षात येते.

दात कोरणे, घडवणे, बसवणे यासाठी लागणारे हातांचे कसब माणसाकडे फार पूर्वीपासून होते. पण दात ज्या हिरडीत आणि हाडात रुजलेला असतो, त्यांचे ज्ञान यायला हजारो वर्षे लागली. आणि केलेल्या कामाबद्दल जाब देण्याची जबाबदारी तर आणखी उशिरा आली. दंतवैद्यकाच्या इतिहासात या दोन गोष्टी कशा आल्या, ते पाहणे उद्बोधक आहे. दात बसवून घेण्यासाठी कोणाकडे जावे, हा प्रश्न आजही घरोघरी पडतो आणि गावात तो पुष्कळदा शिक्षकांनाच विचारला जातो.

दातातला किडा

मराठीत आपण 'दात किडला' म्हणतो. या शब्दामागे एक फार जुनी समजूत आहे. दातात खरोखरीचा किडा शिरतो आणि तो दात पोखरतो, असे बाबिलोनियापासून युरोपपर्यंत सगळीकडे मानले जाई. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन हा किडा 'पाडण्याची' पद्धत होती. युरोपात त्यासाठी खुरासानी ओव्याच्या जातीच्या वनस्पतीचे बी निखाऱ्यावर टाकत. तापल्यावर बी फुटे आणि आतला अंकुर वळवळणाऱ्या अळीसारखा बाहेर येई. तो रोग्याला दाखवला, की त्याची खात्री पटे!

मध्ययुगीन युरोपात दात काढण्याचे काम न्हावी, लोहार आणि जत्रेत मंच उभारून बसणारे फिरस्ते करत. फ्रान्समध्ये १६९९ साली पॅरिसच्या शल्यवैद्यांच्या नियमांत 'दातांचे जाणकार' असा वेगळा वर्ग आला आणि त्यांनी परीक्षा दिली पाहिजे असे ठरले. मात्र दातांविषयी शिकण्यासाठी चांगले पुस्तकच नव्हते. ज्याला जे येई ते तो गुपित म्हणून जपत असे.

ही गुपिते उघडी करण्याचे काम प्येर फोशार (१६७८–१७६१) या फ्रेंच शल्यवैद्याने केले. १७२८ साली त्याने 'दंत-शल्यवैद्य' या अर्थाच्या नावाचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दातांची रचना, त्यांचे रोग, कीड खरवडून दात भरणे, सोन्याच्या तारेने दात बांधणे, कृत्रिम दात बसवणे हे सगळे त्याने आकृत्यांसह लिहिले. सूक्ष्मदर्शकातून पाहूनही आपल्याला दातात किडा आढळला नाही, असे त्याने नमूद केले. भोंदू लोकांच्या युक्त्याही त्याने उघड केल्या. जत्रेतला 'रोगी' पुष्कळदा भोंदूचाच साथीदार असे. रक्त भरलेल्या पातळ कातडीत गुंडाळलेला दुसराच दात त्याच्या तोंडात गुपचूप ठेवला जाई आणि 'वेदनारहित' दात काढल्याचा देखावा होई. दातांच्या जाणकारांची परीक्षा घेणाऱ्यांत एखादा अनुभवी दंतवैद्य असलाच पाहिजे, असाही फोशारचा आग्रह होता.

फोशारचे सगळेच बरोबर होते असे नाही. दातदुखीवर मानवी मूत्राने चूळ भरावी, असा सल्लाही त्याने दिला आहे. पण तो छापील होता, म्हणून पुढच्यांना तपासता आला आणि सोडून देता आला. गुपितातली चूक मात्र कोणी दुरुस्त करू शकत नाही.

दुसऱ्याचे दात

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ साली पदाची शपथ घेतली, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडाची होती, ही प्रचलित गोष्ट खरी नाही. जॉन ग्रीनवुड या दंतवैद्याने केलेल्या कवळीचा तळ पाणघोड्याच्या सुळ्याचा होता आणि तो उरलेला एक दात बाहेर यावा म्हणून तिला भोक ठेवले होते. ग्रीनवुडच्या वडिलांचा व्यवसाय हस्तिदंताच्या वस्तू घडवण्याचा होता. वॉशिंग्टन यांच्या इतर कवळ्यांत शिसे आणि माणसांचे दातही वापरलेले दिसतात. त्यांच्या १७८४ सालच्या हिशेबवहीत, गुलाम कृष्णवर्णीयांकडून नऊ दात घेऊन त्यांना पैसे दिल्याची नोंद आहे. ते दात नेमके कशासाठी वापरले गेले हे वहीत लिहिलेले नाही. पण दाताला बाजारभाव होता आणि तो कोणाच्या तोंडातून येई, हे त्या एका ओळीतून कळते.

युरोपातही तेच होते. १८१५ सालच्या वॉटर्लूच्या लढाईत पडलेल्या सैनिकांचे दात उपटून विकले गेले. पुढे कित्येक वर्षे अशा दातांच्या कवळ्या 'वॉटर्लूचे दात' या नावाने ओळखल्या जात.

त्याहून भयंकर होते ते जिवंत माणसाचा दात काढून लगेच दुसऱ्याच्या जबड्यात बसवणे. लंडनचा विख्यात शल्यवैद्य जॉन हंटर याने १७७१ साली दातांवर मोलाचा ग्रंथ लिहिला. त्याने माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून पाहिला होता. अशा प्रयोगांच्या जोरावर त्याने दंत-प्रत्यारोपणाचा पुरस्कार केला. मग श्रीमंतांसाठी गरिबांची मुले आपले निरोगी दात विकू लागली. परके दात फार काळ टिकत नसत आणि काही रोग्यांना त्यांतून उपदंशासारखे रोग जडल्याच्या तक्रारी आल्या. शेवटी ही पद्धत मागे पडली. हंटर विद्वान होता यात शंका नाही. पण बसवलेल्या दाताचे पाच-दहा वर्षांनी काय झाले, हे पद्धतशीरपणे नोंदवण्याची प्रथा तेव्हा नव्हती.

माणसाच्या दातांपासून सुटका झाली ती चिनी मातीमुळे. फ्रान्समधील द्यूशातो नावाच्या औषध-विक्रेत्याला आपल्या हस्तिदंती कवळीचा वास असह्य झाला. हस्तिदंत तोंडात कुजते, पण आपल्या दुकानातल्या चिनी मातीच्या भांड्यांना मात्र डाग वा वास लागत नाही, हे त्याने पाहिले. १७७४ च्या सुमारास त्याने स्वतःसाठी चिनी मातीची कवळी करवून घेतली. द्युबुआ द शेमां या दंतवैद्याने या पद्धतीत सुधारणा केली आणि १८०८ साली फोन्झी या इटालियन दंतवैद्याने चिनी मातीचे सुटे दात बनवून दाखवले.

भूल, रबर आणि महाविद्यालय

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तीन गोष्टी पाठोपाठ घडल्या, त्याही एकाच देशात.

पहिली गोष्ट शिक्षणाची. १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस यांनी जगातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय सुरू केले. १८४१ मध्ये तेथून दोन विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले. त्याच वर्षी अलाबामा राज्याने दंतव्यवसायासाठी परवाना लागेल असा कायदा केला.

दुसरी गोष्ट भुलेची. १८४४ साली होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. १८४६ साली विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथरची भूल जाहीरपणे दाखवली. दात काढण्याची भीती ओसरली.

तिसरी गोष्ट रबराची. गंधक मिसळून तापवलेले रबर टणक होते. या टणक रबराचा, म्हणजे व्हल्कनाइटचा, तळ घेऊन १८५० नंतर कवळ्या होऊ लागल्या. सोन्याच्या मानाने हा तळ अतिशय स्वस्त पडे आणि तोंडाच्या मापात नेमका बसे. सामान्य माणसाला परवडेल अशी कवळी प्रथमच आली.

याचा परिणाम मात्र दुहेरी झाला. दुखणारा दात वाचवण्यापेक्षा भूल देऊन सगळेच दात काढणे आणि रबराची कवळी बसवणे सोपे व फायद्याचे ठरले. माप घेता येणारा कोणीही दुकान थाटू लागला. दुसरीकडे, या कवळीचे पेटंट विकत घेतलेली एक कंपनी दंतवैद्यांकडून परवाना-शुल्क वसूल करी आणि न देणाऱ्यांवर खटले भरी. १८७९ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये या कंपनीचे खजिनदार जोसाया बेकन यांचा, खटल्याने गांजलेल्या सॅम्युएल चाल्फंट या दंतवैद्याने गोळी घालून खून केला. १८८१ साली पेटंटची मुदत संपली, तेव्हा कुठे हा वाद मिटला.

चकचकीत टोपीखाली

दात का किडतो याचे शास्त्रीय उत्तर १८९० साली मिळाले. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी दाखवले, की तोंडातील जीवाणू पिष्टमय व गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दाताचे कवच विरघळते. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि लगेच पुढच्या वर्षी दातांची क्ष-किरण छायाचित्रे घेतली गेली. दाताचे मूळ आणि भोवतीचे हाड डोळ्यांना दिसू लागले.

तोवर सोन्याच्या टोप्या आणि ब्रिज यांचा अमेरिकेत मोठा बोलबाला झाला होता. १९१० साली विल्यम हंटर या इंग्रज डॉक्टराने (हा वरच्या जॉन हंटरहून वेगळा) माँट्रियल येथे भाषण करून यावर कडाडून टीका केली. वरून झळाळणाऱ्या या कामाखाली पू साठलेली मुळे आणि सुजलेल्या हिरड्या झाकलेल्या असतात, असा त्याचा आरोप होता. आरोपात बरेच तथ्य होते. दात झाकण्यापूर्वी मुळाची क्ष-किरण तपासणी करण्याची पद्धत यानंतर रुजली.

पण पुढे दुसरे टोक गाठले गेले. संधिवातापासून मनोविकारापर्यंत सगळ्याचे मूळ दातांत आहे, असे म्हणून कित्येक वर्षे अगणित चांगले दात उपटले गेले. हे काम भोंदूंनी नव्हे, पदवीधरांनी केले. दात काढलेल्या आणि न काढलेल्या रोग्यांची तुलना झाली, तेव्हा त्या मताचा जोर ओसरला. म्हणून पदवी आवश्यक असली तरी तिच्यामागे पुराव्याने मत बदलणारे शास्त्र असावे लागते.

नोंदवहीचा जन्म

इंग्लंडमध्ये १८७८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला. त्यानुसार 'दंतवैद्य' ही उपाधी लावण्यासाठी नोंदणी आवश्यक झाली. मात्र कायद्याने उपाधीचे रक्षण केले, व्यवसायाचे नाही. 'दंतवैद्य' हा शब्द टाळून 'येथे कृत्रिम दात बसवून मिळतील' अशी पाटी लावायला कोणालाच बंदी नव्हती. ही पळवाट बंद व्हायला १९२१ साल उजाडले. त्या वर्षीच्या कायद्याने नोंदणीशिवाय दंतव्यवसाय करण्यास मनाई केली आणि आधीपासून उपजीविकेसाठी हे काम करणाऱ्यांना काही अटींवर नोंदवहीत सामावून घेतले.

भारतातही वाट अशीच होती. डॉ. रफीउद्दीन अहमद अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून पदवी घेऊन परतले आणि १९२० साली त्यांनी कोलकात्यात भारतातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय काढले. तेथे शिकलेल्या फातिमा जिना यांनी १९२३ साली मुंबईत दवाखाना उघडला. १९३३ साली मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय सुरू झाले. १९३९ साली बंगालमध्ये आणि १९४८ साली साऱ्या देशासाठी दंतवैद्य कायदा झाला. १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन झाली.

१९४८ च्या कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले. 'अ' भागात मान्य पदवी असलेले आणि 'ब' भागात पदवी नसलेले, पण निदान पाच वर्षे हाच मुख्य व्यवसाय करत आलेले लोक होते. शिकलेले दंतवैद्य मूठभर आणि देश अफाट, अशा काळातली ही तडजोड होती. याच कायद्याने दंतवैद्य आणि दंत-तंत्रज्ञ (कवळी, टोप्या प्रयोगशाळेत बनवणारा) यांतही फरक केला. तंत्रज्ञाचे कसब मोठे असले, तरी रोग्याच्या तोंडात काम करण्याचा अधिकार त्याला दिला नाही. मेहरगढचा मणीकार आणि इट्रस्कन सोनार यांचा वारस तो हाच. या कायद्याच्या जागी नवी व्यवस्था आणण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. त्यातही राज्याच्या नोंदवहीची कल्पना कायम आहे.

टायटॅनियमचा धडा

कवळीची एक मूलभूत अडचण आहे. नैसर्गिक दात आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. चावताना पडणारा दाब तो हाडापर्यंत पोचवतो. दात गेला, की त्या जागेचे हाड हळूहळू झिजू लागते. म्हणूनच घट्ट बसणारी कवळी काही वर्षांनी सैल होते.

यावरचा आधुनिक उपाय योगायोगाने हाती आला. स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. त्यासाठी हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण नंतर निघेना. हाड धातूला थेट चिकटून वाढले होते. त्यांनी प्राण्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १९६५ साली योस्टा लार्सन या रोग्याच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांवर दात उभारले. ब्रोनेमार्क दंतवैद्य नव्हते. दंतवैद्यांनी त्यांच्यावर बराच काळ अविश्वास दाखवला. त्यांनी रोग्यांच्या नोंदी ठेवल्या, यश आणि अपयश दोन्ही मोजले आणि १९८२ साली टोरांटोच्या परिषदेत ती आकडेवारी मांडली. त्यानंतर ही पद्धत जगभर मान्य झाली. लार्सन यांचे २००६ साली निधन झाले, तेव्हाही त्यांचे ते स्क्रू चाळीस वर्षांनंतर जागच्या जागी होते.

आज कोणाकडे जावे?

आपल्या शहरांतील फुटपाथवर आणि आठवडी बाजारात आजही काचेच्या पेटीत कवळ्या मांडून बसलेले लोक दिसतात. ते लगेच घट्ट होणारे ॲक्रिलिक थेट तोंडात लावून नवा दात शेजारच्या दातांना चिकटवून देतात. दात तासाभरात बसतो आणि पैसेही थोडे लागतात. पण ते ॲक्रिलिक घट्ट होताना तापते, त्यातले उरलेले रसायन हिरडीला चुरचुरते आणि चिकटवलेला भाग साफच करता येत नाही. मग अन्नकण साठतात आणि आधाराचे चांगले दातही हलू लागतात. एक दात बसवताना दोन दात जातात. तक्रार करायची, तर पुढच्या बाजारी तो माणूस तेथे असेलच असे नाही.

या लोकांना नुसती नावे ठेवून चालणार नाही. पैशांची अडचण, दवाखान्याचे अंतर आणि भीती यांमुळे लोक त्यांच्याकडे जातात. म्हणून दुसरी वाटही सांगितली पाहिजे. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे पदवीधरांच्या देखरेखीखाली बाह्यरुग्ण विभाग चालतात. तेथील खर्च खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी असतो.

दवाखान्याच्या पाटीवर काय वाचावे? बी.डी.एस. ही दंतवैद्यकाची मूळ पदवी. तिच्यानंतर तीन वर्षांचा एम.डी.एस. अभ्यासक्रम असतो आणि त्याच्या शाखा असतात. कवळी, टोपी, ब्रिज यांचा विशेष अभ्यास प्रोस्थोडॉन्टिक्समध्ये होतो. दात भरणे आणि रूट कॅनाल यांचा अभ्यास दात वाचवण्याच्या, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह, शाखेत होतो. हिरड्यांचा अभ्यास पेरिओडॉन्टॉलॉजीत होतो. साधा दात भरून घ्यायला चांगला बी.डी.एस. दंतवैद्य पुरेसा आहे. बरेच दात गेले असतील, जबडा झिजला असेल किंवा हाडात स्क्रू बसवायचा असेल, तर विशेष शिक्षण घेतलेल्याचा सल्ला घ्यावा. 'इम्प्लांटतज्ज्ञ' अशी पाटी दिसली, तर मूळ शाखा कोणती आणि अशी किती कामे स्वतः केली, हे विचारावे.

पदवीबरोबर राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहावा. तो मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. तो क्रमांक असला, की केलेल्या कामाचा जाब विचारण्याची जागा असते. ग्रीनवुडच्या काळी आणि १९२१ पूर्वीच्या इंग्लंडमधल्या पुष्कळ दुकानांत ती नव्हती.

आणखी तीन प्रश्न विचारावेत. दात झाकण्यापूर्वी मुळाचा एक्स-रे काढला का? मधुमेह, तंबाखू आणि चालू औषधे यांची चौकशी झाली का? दुसरे कोणते उपाय आहेत, प्रत्येकाचा खर्च किती, आणि काम बिघडले तर पुढे काय? या प्रश्नांची उत्तरे शांतपणे देणारा दंतवैद्य सहसा योग्य असतो. एकाच भेटीत सगळे दात काढा म्हणणाऱ्याकडे जाण्यापूर्वी मात्र दुसऱ्याचे मत जरूर घ्यावे.

आठवी-नववीच्या वर्गात आम्ल आणि कॅल्शियमची संयुगे शिकवताना अंड्याचे कवच व्हिनेगरमध्ये ठेवण्याचा प्रयोग आपण करतोच. त्याला जोडून मुलांना घरातील आजी-आजोबांकडून, त्यांची कवळी कोणी, कधी व कशी बसवली आणि पुढे काय झाले, हे लिहून आणायला सांगावे. वर्गात त्या नोंदी एकत्र मांडल्या, की गावातील दंतव्यवसायाचा पन्नास वर्षांचा इतिहास हाती येईल. यश आणि अपयश दोन्ही मोजायची सवयही मुलांना लागेल.